घरगुती संगणक खरेदीविषयक सल्ला

घरात वापरायचा संगणक विकत घेताना, किंवा घरी असलेल्या संगणकाचे काही भाग बदलून त्याची कार्यक्षमता वाढवताना, ग्राहकाने जाणकाराकडून घेतलेल्या मार्गदर्शनास घरगुती संगणक खरेदीविषयक सल्ला असे म्हणता येईल. संगणक हे घरातील इतर उपकरणांपेक्षा एका बाबतीत वेगळे आहे. शीतकपाट किंवा शिलाई यंत्र बिघडेपर्यंत चालते. संगणक मात्र न बिघडताही निरुपयोगी ठरू शकतो, कारण त्यावर चालणारी सॉफ्टवेअर बदलत जातात. त्यामुळे ‘कोणता घ्यावा’ या प्रश्नाइतकाच ‘नवा घ्यावा की आहे तोच सुधारावा’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो आणि बहुतेक घरांत तोच आधी उद्भवतो.

या लेखात विषयाची मांडणी मुख्यतः नागपूर शहर आणि त्याच्या दक्षिण सीमेवरील बेसा परिसराच्या संदर्भात केली आहे. मानेवाडा व मनीषनगर या बाजूंनी वाढत गेलेल्या शहराने बेसा गावास सामावून घेतले असून शेतजमिनींच्या जागी सदनिकांच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. नोकरदार, विद्यार्थी आणि सेवानिवृत्त अशा तिन्ही प्रकारच्या कुटुंबांची येथे मोठी वस्ती आहे. संगणकाच्या मोठ्या खरेदीसाठी मात्र रहिवाशांना आजही शहराच्या मध्यवर्ती भागातील सीताबर्डी, म्हणजे बोलीतील ‘बर्डी’, गाठावी लागते किंवा ऑनलाइन विक्रेत्यांवर विसंबावे लागते.

पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९८४ मधील केंद्र शासनाच्या संगणकविषयक धोरणाने आयातीवरील निर्बंध सैल केले. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने सुटे भाग सहज मिळू लागले आणि ते जोडून तयार केलेला ‘असेंबल्ड’ संगणक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, अर्थात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा या सुट्या भागांच्या व्यापाराचा राज्यातील सर्वांत प्रसिद्ध बाजार होय.

महाराष्ट्रात घरगुती संगणकाच्या प्रसारास खरी गती मिळाली ती २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे. हा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून शिकवला गेला. वर्गात शिकलेले विसरू नये म्हणून अनेक पालकांनी याच काळात घरी पहिला संगणक आणला. पुढे स्मार्टफोनने घरगुती संगणकाची गरज काहीशी कमी केली. परंतु मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर शाळा व कार्यालये घरातून चालू लागली, तेव्हा माळ्यावर ठेवलेले जुने संगणकही पुन्हा खाली उतरले. त्यांपैकी बरेच अजून वापरात आहेत, आणि सल्ल्याची गरज प्रामुख्याने त्यांच्याबाबत भासते.

सल्ला देणारे

सल्ल्याचा सर्वांत जुना व सर्वांत प्रचलित स्रोत म्हणजे नात्यातील किंवा शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याचा स्वार्थ नसतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात बाजारातील भागांची निवड शिकवली जात नाही, आणि तरुण सल्लागार पुष्कळदा स्वतःला हवा असलेला संगणक सुचवतो. निवृत्त गृहस्थांना निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, पत्रव्यवहार आणि नातवंडांशी व्हिडिओ संभाषण एवढेच करायचे असताना त्यांच्या मेजावर खेळांसाठीचे ग्राफिक्स कार्ड येऊन बसते, ते यामुळेच.

दुसरा स्रोत म्हणजे दुकानदार. सुटे भाग जोडून देणाऱ्या दुकानदारास बाजाराची माहिती सर्वांपेक्षा अधिक असते, मात्र त्याचा सल्ला दुकानातील साठ्याच्या मर्यादेत राहतो. एका कंपनीच्याच दालनात तर पर्यायांची तुलना त्या कंपनीच्या प्रतिकृतींपुरतीच होते. घरी येणाऱ्या दुरुस्ती-कारागिराचा सल्ला यापेक्षा उपयुक्त ठरू शकतो, कारण तो प्रत्यक्ष यंत्र उघडून पाहतो. पण संगणक मंदावल्याच्या प्रत्येक तक्रारीवर ‘फॉरमॅट मारून देतो’ हाच उपाय सांगणारा कारागीर निदान करत नाही, केवळ लक्षण तात्पुरते दाबतो.

२००१ मध्ये ‘डिजिट’ या नावाने प्रसिद्ध होऊ लागलेल्या इंग्रजी मासिकासारख्या नियतकालिकांनी भागांच्या तुलनात्मक चाचण्या वाचकांपर्यंत पोहोचवल्या. आज ही जागा व्हिडिओ परीक्षणांनी घेतली आहे. परीक्षणासाठी दिलेले यंत्र कंपनीने पुरवले आहे का, आणि वर्णनाखालील खरेदीच्या दुव्यातून परीक्षकास दलाली मिळते का, हे पाहिल्यावाचून अशा परीक्षणाचे मोल ठरवता येत नाही.

सल्लागार कोणीही असो, त्याने पहिला प्रश्न कामाविषयी आणि दुसरा सध्याच्या यंत्राविषयी विचारणे अपेक्षित आहे. ‘बजेट किती?’ या प्रश्नापासून सुरू होणारा सल्ला बहुधा तेवढी रक्कम खर्च करवूनच थांबतो.

जुना संगणक सुधारावा की बदलावा

या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या वयावरून न देता त्याच्या मंदपणाच्या कारणावरून द्यावे लागते. कारण शोधण्यासाठी विशेष साधन लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीची कामे चालू असताना त्यात डिस्कचा वापर सतत शंभर टक्क्यांच्या आसपास आणि प्रोसेसरचा वापर अल्प दिसत असेल, तर दोष हार्ड डिस्कचा आहे. मेमरीचा वापर नव्वद टक्क्यांच्या पुढे असेल, तर रॅम अपुरी आहे. प्रोसेसरच साध्या कामांत पूर्ण क्षमतेने राबत असेल, तरच यंत्र बदलण्याचा विचार प्रथम करावा. त्यातही आधी एखादा घातक प्रोग्राम शिरलेला नाही याची खात्री करावी.

साधारण २०१८ पूर्वीच्या घरगुती संगणकांत हार्ड डिस्क हेच मंदपणाचे कारण बहुतांशी आढळते. हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या चकतीवर वाचनशीर्ष नेमक्या जागी न्यावे लागते आणि प्रत्येक वेळी त्यास सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये, म्हणजे एसएसडीमध्ये, हलणारा भागच नसल्याने हाच काळ मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शावर किंवा त्याहून खाली येतो. संगणक सुरू होताना हजारो लहान फाइली वाचल्या जात असल्याने हा फरक वापरणाऱ्यास तत्काळ जाणवतो. जुन्या यंत्रातील साटा जोडणीवर एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत मर्यादित राहतो. एनव्हीएमई प्रकारच्या ड्राइव्हचा वेग त्याच्या कितीतरी पट असतो. तथापि हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीकडे जाण्याने जो लाभ होतो, त्याच्या तुलनेत त्यापुढच्या पायरीचा लाभ घरगुती कामात फारच थोडा असतो. सर्वांत कमी खर्चात सर्वांत अधिक फरक पाडणारा बदल म्हणून एसएसडीची शिफारस रास्त आहे. जुनी हार्ड डिस्क काढून टाकण्याचेही कारण नसते. डेस्कटॉपमध्ये ती छायाचित्रे साठवण्यास तशीच ठेवता येते.

रॅमच्या बाबतीत यंत्राची पिढी पाहावी लागते. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. विंडोजची ३२-बिट आवृत्ती असल्यास चार गिगाबाइटपेक्षा अधिक रॅम वापरातच येत नाही. म्हणून आधी आवृत्ती तपासावी. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवर कायमची डाखलेली असते व ती वाढवता येत नाही. २०२५ च्या अखेरीस जगभर स्मृती-चिपांच्या किमती झपाट्याने वाढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा केंद्रांकडे उत्पादन वळले. त्यामुळे ‘रॅम स्वस्तच असते, नंतर टाकू’ हा अनेक वर्षे योग्य असलेला सल्ला त्यानंतर तसाच देता येत नाही.

जुने यंत्र सुधारण्यावर खरी मर्यादा आणली ती संचालन प्रणालीने. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १० च्या सुरक्षा अद्यतनांची एका वर्षाची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर करण्यात आली. आधार संपल्याने संगणक बंद पडत नाही. परंतु नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटी बुजवल्या जात नाहीत आणि ज्या घरात त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात तेथे ही बाब गंभीर ठरते. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते आणि प्रोसेसर साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा एएमडी रायझनच्या २००० मालिकेचा अथवा त्यानंतरचा असावा लागतो. ही अट चुकवून विंडोज ११ बसवून देणारे कारागीर आहेत. मात्र अशा यंत्रांना पुढील अद्यतने मिळत राहतील याची हमी कंपनी देत नाही.

अशा यंत्रासाठी लिनक्स हा पर्याय उरतो. उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या वितरणांत देवनागरी लेखनाची सोय आहे, आणि सी-डॅकने भारतीय भाषांचा विचार करून बॉस हे वितरण विकसित केले आहे. न्याहाळक, पत्रलेखन, व्हिडिओ संभाषण यांपुरता वापर असलेल्या घरात हा पर्याय पुरेसा ठरतो. कर-विवरणाचे एखादे साधन, डिजिटल स्वाक्षरीची किल्ली किंवा जुना प्रिंटर केवळ विंडोजवर चालत असेल, तर मात्र तो अडचणीचा होतो. त्यामुळे मूळ प्रणाली पुसण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहण्याची सोय अवश्य वापरावी.

दुरुस्तीच्या नावाखाली यंत्र मोडीत काढण्याचा सल्ला मिळतो, अशा प्रसंगांपैकी एक विशेष नोंदवण्याजोगा आहे. संगणक सुरू करताच दिनांक अनेक वर्षे मागे जातो, संकेतस्थळे ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे दाखवतात आणि कधी यंत्र सुरूच होत नाही. मदरबोर्ड गेला असे येथे सांगितले जाण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही तीन व्होल्टची, नाण्याच्या आकाराची बॅटरी संपलेली असते. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते.

नागपूरची हवा आणि वीज

संगणकविषयक सर्वसाधारण सल्ला बहुधा समशीतोष्ण हवामान व अखंड वीजपुरवठा गृहीत धरून दिलेला असतो. नागपुरात मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सियसपर्यंत व त्यापुढेही जाते. पंख्याने थंड होणाऱ्या यंत्रातील भागांचे तापमान खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की आतील भागही जवळपास तितकेच अधिक तापतात. ठरावीक मर्यादेपुढे प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करतो. हिवाळ्यात व्यवस्थित चालणारा संगणक नवतपात रेंगाळतो, त्याचे कारण बहुधा हेच असते, आणि नव्या रॅमने ते दूर होत नाही. पंख्यांतील धूळ काढणे आणि प्रोसेसरवरील वाळलेला थर्मल पेस्ट बदलणे हा त्यावरचा उपाय. बेशासारख्या, बांधकामे चालू असलेल्या परिसरात सिमेंटची बारीक धूळ अधिक असल्याने ही सफाई वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यापूर्वी, करून घ्यावी.

कूलर हा विदर्भातील घरांचा उन्हाळ्यातील आधार. परंतु वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओलसर असते. संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवल्यास आतील धूळ दमट होऊन चिकटते आणि जोडण्यांवर गंज चढू शकतो. उघड्या कॅबिनेटवर कूलर सोडण्याची पद्धत तर टाळलेलीच बरी. यंत्र त्याच खोलीत, पण झोताच्या बाजूला आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर असावे.

वीजपुरवठ्याचा प्रश्न दुहेरी आहे. पहिला, वळवाच्या वादळांत अचानक ‘लाइन जाण्याचा’. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास हार्ड डिस्कवरील फाइली खराब होऊ शकतात, म्हणून डेस्कटॉपसोबत यूपीएस घेणे येथे चैनीत मोडत नाही. लहान यूपीएसमध्ये साधारणतः १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. सर्वसाधारण नियम असा, की २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे अशा बॅटरीचे आयुष्य निम्मे होते. त्यामुळे नागपुरात ती दोन-तीन वर्षांत बदलावी लागल्यास यूपीएस सदोष समजू नये. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असल्यास तो शुद्ध साइन-वेव्ह प्रकारचा असणे चांगले, कारण चौकोनी तरंग देणाऱ्या इन्व्हर्टरवर काही आधुनिक एसएमपीएस अडखळतात. दुसरा प्रश्न अर्थिंगचा. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या आल्या, तर संगणकाच्या कारागिराऐवजी आधी वायरमनला बोलवावे.

लॅपटॉपची बॅटरी हीच त्याची यूपीएस असल्याने वीज वारंवार जाणाऱ्या वस्तीत त्याचे पारडे जड होते. उलट डेस्कटॉपचा प्रत्येक भाग वेगळा बदलता येतो. पडद्यामागेच सर्व यंत्रणा बसवलेला ऑल-इन-वन जागा वाचवतो, पण दुरुस्तीस लॅपटॉपइतकाच अवघड आणि वीज जाताच डेस्कटॉपसारखा बंद, असा त्याचा दोन्हीकडचा तोटा आहे.

नवा किंवा वापरलेला संगणक निवडताना

जाहिरातीतील ‘आय५’, ‘आय७’ ही नावे केवळ श्रेणी सांगतात, पिढी सांगत नाहीत. २०१२ चा कोअर आय७-३७७० आणि २०२२ चा कोअर आय३-१२१०० यांत दुसरा, नाव खालच्या श्रेणीचे असूनही, बहुतेक सर्व कामांत सरस आहे. या नावांत जोडरेषेनंतरचे पहिले एक किंवा दोन अंक पिढी दर्शवतात: ३७७० म्हणजे तिसरी, १२१०० म्हणजे बारावी. वापरलेले यंत्र ‘आय७ आहे’ एवढेच सांगून विकले जात असेल, तर पूर्ण क्रमांक लिहून मागावा. आठव्या पिढीपूर्वीचे यंत्र विंडोज ११ च्या दृष्टीने कसे बाद ठरते ते वर आलेच आहे.

कार्यालयांतून निवृत्त झालेली डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर यांसारखी यंत्रे नूतनीकृत स्वरूपात मिळतात. त्यांची बांधणी मजबूत असते व घरगुती वापरास ती उत्तम ठरतात. मात्र त्यांच्या लहान आकाराच्या प्रतिकृतींत एसएमपीएस आणि मदरबोर्ड खास मापाचे असल्याने बिघाड झाल्यास तोच भाग शोधत फिरावे लागते.

एक टेराबाइटचा ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे ९३१ गिगाबाइट दाखवतो, ही फसवणूक नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. अविश्वसनीय किमतीस मिळणारे प्रचंड क्षमतेचे पेन ड्राइव्ह व एसएसडी मात्र पुष्कळदा बनावट असतात: आकडा मोठा दिसतो, पण प्रत्यक्ष क्षमतेपुढे साठवलेली माहिती नाहीशी होते.

जुन्या मराठी फाइली

यंत्र बदलताना मराठी घरांत एक हानी हमखास होते आणि सल्लागारांकडून ती सहसा दुर्लक्षिली जाते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी अशा परस्परांशी न जुळणाऱ्या टंकांत लिहिलेला असे. हे टंक प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवतात. नव्या संगणकावर तो टंक नसला, की वंशावळ, कवितांची वही, संस्थेचे इतिवृत्त किंवा शाळेच्या स्मरणिकेचे लेखन अर्थहीन रोमन अक्षरांच्या रांगांत बदलते. फाइल सुखरूप असते. वाचता मात्र येत नाही. काही जुनी लेखन-सॉफ्टवेअर तर हार्डवेअर लॉकवर चालत, आणि तो लॉक ज्या समांतर पोर्टला लावायचा तो पोर्टच आजच्या यंत्रांत नसतो.

म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच टंकांच्या फाइली वेगळ्या जपून ठेवाव्यात, महत्त्वाच्या लेखनाच्या पीडीएफ प्रती काढाव्यात आणि परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तनात जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी यांत चुका राहतात. मूळ पीडीएफशी ताडून त्या सुधाराव्या लागतात. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच समाविष्ट असल्याने नव्या लेखनासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याची आवश्यकता नाही.

बिल, हमी आणि तक्रार

संगणक व लॅपटॉपवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. तेवढी रक्कम वाचवण्यासाठी बिलाविना खरेदी करण्याचा प्रस्ताव बाजारात येतो. तो स्वीकारणाऱ्यास हमी आणि कायदेशीर दाद या दोन्हींचा पुरावा गमवावा लागतो. असेंबल्ड संगणकाच्या बिलावर प्रत्येक भागाचे नाव, प्रतिकृती व अनुक्रमांक असावा, कारण येथे संपूर्ण यंत्रास एक हमी नसून भागागणिक वेगळी असते. इंटेल व एएमडीच्या पेटीबंद प्रोसेसरवर ती साधारणतः तीन वर्षांची असते. विंडोज मूळ परवान्यासह आहे का, हेही बिलावर स्पष्ट असावे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहकास स्वतःच्या निवासस्थानाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. बेशातील रहिवाशाने बंगळूर किंवा दिल्ली येथील ऑनलाइन विक्रेत्याकडून लॅपटॉप घेतला असला, तरी तक्रार नागपूर जिल्हा आयोगाकडे दाखल होऊ शकते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद केल्यास पुष्कळ प्रकरणे कंपनीच्या पातळीवरच मिटतात.

जुन्या यंत्राची विल्हेवाट

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून त्यांनुसार उत्पादकांवर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आहे. जुना संगणक भंगारवाल्यास देण्याऐवजी नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे किंवा नवा संगणक घेताना बदली योजनेत द्यावा. देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घ्यावी. फाइली केवळ ‘डिलीट’ केल्याने किंवा जलद फॉरमॅट केल्याने माहिती पुसली जात नाही. आधार व पॅन कार्डाच्या प्रती आणि बँकेची विवरणे साध्या सॉफ्टवेअरने परत मिळवता येतात. काढलेली डिस्क चालू स्थितीत असल्यास युएसबी आवरणात बसवून ती घरातील छायाचित्रांची दुसरी प्रत ठेवण्यास वापरता येते.